सातवी जागा

"नावं कुणामागं कुणाची घ्यायची तेवढं सांगा. दगड घासून तयार हाय," मारुती पाथरवट म्हणाला आणि खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभा राहिला.

बैठक माझ्याच वर्गात भरली होती, मिशनच्या मराठी शाळेतली चौथी. मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. खिडकीकडच्या बाकांवर आमचे पाळक लोंढे आणि मंडळीचे पंच. दाराकडच्या बाकांवर कासमभाई आतार आणि मोमीनपुऱ्यातली माणसं. मधले बाक रिकामे. माझ्या खुर्चीवर नगराध्यक्ष बोरुडे, आणि मी, वर्गाची मालकीण, फळ्याशेजारी उभी.

ही चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमधली गोष्ट. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आज शहात्तर. दीना उजागरे हे नाव काढलं की सोनटाकळीतली दोन पिढ्यांची माणसं अजून कानाला हात लावतात, इतके मी ते पिळलेत. हे मिरवायला सांगत नाही. मी किती करड्या शिस्तीची बाई होते हे माहीत असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हजेरीपटावर गैरहजर पोराला मी कधी हजर लावलं नाही. साहेबाच्या तपासणीच्या दिवशीसुद्धा नाही.

आधी आगीचं सांगते. त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळाचा. मिशनच्या गोदामात वाटपाची मिलो ज्वारी, सुकडी आणि दूध पावडर भरलेली. मिशनच्या विहिरीला मात्र खडखडाट. पाणी होतं ते दोनशे पावलांवरच्या मशिदीच्या विहिरीला. मोमीनपुरा म्हणे, मिशनवाले धान्य आपल्याच माणसांना वाटतात. आमचे लोक म्हणत, मशिदीवाल्यांनी विहिरीच्या दाराला कडी लावली. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. बाजारात एकमेकांकडून भाजी घ्यायचीही बंद झाली होती. बाकीचं गाव ओढ्यापलीकडे. त्याला आमच्या भांडणाचं सुखदुःख नव्हतं.

एप्रिलातल्या एका दुपारी गोदामाला आग लागली. कशी लागली ते कुणालाच कळलं नाही. विहिरीच्या दारावरची कडी मात्र कासमभाईंच्या धाकट्या भावानं, गुलाबनं, स्वतः काढली, आणि दोन्हीकडची माणसं बादल्या घेऊन धावली. जो तो आपली बादली घेऊन पळतोय, मधे एकमेकांवर आदळतोय, निम्मं पाणी रस्त्यात. मला ते बघवेना. कवायतीची शिट्टी गळ्यात होतीच. ती फुंकली आणि विहिरीपासून गोदामापर्यंत मी रांग लावली. एक इकडचा, एक तिकडचा, एक इकडचा, एक तिकडचा. वर्गातही मी पोरांना असंच बसवायची. दोस्त शेजारी बसले की गप्पा होतात, आणि अनोळखी शेजारी बसले की काम होतं. शिवाय आपापल्यांत उभे राहिले असते, तर निम्मी रांग निम्म्या रांगेला "हळू" म्हणून शिव्या देत बसली असती.

रांग चालली, आणि काय चालली! अर्ध्या तासात आग निम्म्यावर आली. तेवढ्यात गोदामाची रस्त्याकडची भिंत रांगेच्या पुढच्या टोकावर आडवी झाली.

भिंतीखालून अकरा जण निघाले. एकही जिवंत नव्हता. पाच आमचे, पाच मोमीनपुऱ्यातले, आणि अकरावी हमीदा मणियार.

हमीदाला वेगळं का मोजलं, ते आता सांगते. हमीदा बांगड्या भरणारी. सासू रुकय्याबी आणि ती, दोघी मिळून घरोघर हिंडायच्या, आमच्या मिशन कंपाउंडातही यायच्या. तिचं प्रेत काढलं तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत एक मनगटी घड्याळ सापडलं. ते माझं होतं. शिक्षिकेची परीक्षा पास झाले तेव्हा वडिलांनी घेतलेलं, मागे माझं नाव कोरलेलं. मग काय, लोकांना एवढं पुरे. आगीच्या गडबडीत धान्य लांबवायला आलेली, हाताला लागलं ते घड्याळही उचललं, वरून भिंत पडली, देवानं न्याय केला. हवालदारानं घड्याळ मला आणून दिलं. "चोर गेला, माल मिळाला, बाई. नशीब म्हणायचं," असं म्हणाला. मी घड्याळ घेतलं. ते दिवसातून एकदाच, सकाळी, किल्ली देताना मनगटाला टोचायचं. बाकी वेळ बरोबर दाखवायचं.

तर आता स्मारक उभं राहायचं होतं, रांग जिथे होती त्याच चौकात. मिशनला आपला संगमरवर चर्चच्या भिंतीत हवा होता, मोमीनपुऱ्याला आपला दगड विहिरीजवळ. पण मारुतीनं दोन दगड घडवायला साफ नकार दिला. "एका भिंतीखाली मेली, दोन दगड कशापायी?" तालुक्यात त्याच्याइतकं सुबक अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं, त्यामुळे त्याचंच चाललं. दगड एक, नावं दहा. पाच-पाच. बोरुडे खूश, पाळक खूश. कासमभाईही मनातून सुटल्यासारखे दिसत होते, कारण हमीदाचं नाव घ्या म्हणायची त्यांनाच लाज वाटत होती. सुंठीवाचून खोकला गेला, असं सगळ्यांचं झालं होतं.

फक्त रुकय्याबीला ते मान्य नव्हतं.

बैठकीच्या आठ दिवस आधी ती शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. डोक्यावर बांगड्यांची पेटी नव्हती. आगीनंतर तिला दोन्हीकडची दारं बंद झाली होती. चोराच्या सासूला घरात कोण घेणार?

"बाई, एक इचारायचंय. रांग तुमी लावली व्हती ना?"

"हो."

"मग तुमाला समदं ठावं आसंल. माझी हमीदा रांगेत व्हती का न्हवती?"

मी म्हणाले, "धूर फार होता, रुकय्याबी."

"धूर व्हता. पर तुमच्या नजरेतून पोराच्या पेन्सिलीचं मोडल्यालं टोक बी सुटत न्हाई म्हंत्यात." तिनं माझ्याकडे एकटक पाहिलं. "व्हती म्हणा नाहीतर न्हवती म्हणा. न्हवती म्हणलात तर मी पुन्हा इचारनार न्हाई."

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

"बरं," असं म्हणून ती गेली. माझं काम झालं होतं. होती म्हणाले नाही, नव्हती म्हणाले नाही. असली उत्तरं पोरांनी दिली की मी त्यांना बाकावर उभी करायची.

आता पुन्हा बैठकीकडे. मारुती खडू घेऊन उभा, आणि पाळक लोंढे सुरू झाले.

"गोदाम मिशनचं. उपकार मिशनचे. तेव्हा आमची नावं आधी यावीत, ही नम्र सूचना."

"गोदाम तुमचं, पण पानी कुणाचं, पाळकसाहेब?" कासमभाई म्हणाले. "पानी नसतं तर गोदामाची राख झाली असती. माझा भाऊ गेला त्यात."

"आमचेही गेले, कासमभाई."

"मी कुठं नाही म्हनतो? क्रमाचं बोलतोय मी."

"वयानं घ्या," बोरुडे म्हणाले. मग लगेच कुणाचं वय किती यावरून जुंपली. एक पंच म्हणाले, चिठ्ठ्या टाका. दाराकडून कुणीतरी म्हणालं, मेलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकता, लाज नाही वाटत? आवाज चढत गेले. तासाभरात दगड एकाचे दोन होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि दाराबाहेर, वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून, रुकय्याबी बसली होती. तिला आत कुणी बोलावलं नव्हतं.

मी फळ्यावर छडी आपटली. सवयच ती. सगळे गप्प झाले, बोरुडेसुद्धा.

"नावं ज्या क्रमानं माणसं रांगेत उभी होती, त्या क्रमानं घ्या," मी म्हणाले. "आधी कोण, मागून कोण, हा प्रश्नच उरत नाही. भिंतीजवळचा पहिला, मग दुसरा, मग तिसरा. उभे होते तसे."

मग कासमभाई हळूच म्हणाले, "हे बरोबर आहे." पाळकांनीही मान हलवली. बोरुड्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विचारलं, "पण तो क्रम आता वर्षानं कुणाच्या लक्षात असणार?"

"माझ्या," मी म्हणाले.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खरं सांगते, त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला. दोन्ही बाजू माझ्याकडे बघत होत्या. एक जागा हळूच गाळली तर कुणाला कळणार आहे, असा मी मनाशी विचारही केला होता. दहा नावं सांगायची, झालं.

"घे लिहून," मी मारुतीला म्हणाले आणि हजेरी घेतल्यासारखी सुरुवात केली. "शमुवेल भालेराव. बाबूलाल पिंजारी. यहोशवा शिंदे. चाँदबी मोमीन. रूथबाई पाटोळे. हुसेन तांबोळी."

मारुतीचा खडू फळ्यावर फिरत होता. एकेका नावाला कुणी ना कुणी मान खाली घालत होतं. शमुवेल गोदामाचा राखणदार, बादली घेऊन अगदी ज्वाळेजवळ गेलेला. चाँदबी, विडी ओढते म्हणून सगळे हसायचे ती. रूथबाई दवाखान्यातली, ड्युटीवरून तशीच धावत आलेली. मला प्रत्येकाची पाठ दिसत होती.

"लतीफ मोमीन," मी म्हणाले. "इम्मानुएल वाघचौरे. गुलाब आतार. मनोहर साळवे."

मारुतीनं दहावं नाव लिहिलं, दोन पावलं मागे सरकला आणि फळ्याकडे बघत डोकं खाजवायला लागला. त्याला वाचायला जेमतेम यायचं, पण आखणीत गडबड झालेली त्याला बरोबर कळायची.

"बाई, तुमी एक इकडचा, एक तिकडचा आशी रांग लावली व्हती ना? आख्खं गाव सांगतंय."

"हो."

"मग हे बघा. शमुवेल इकडचा, बाबूलाल तिकडचा. यहोशवा, चाँदबी. रूथबाई, हुसेन. इथवर ब्येस. मग हुसेनच्या मागं लतीफ आला. तिकडची दोन लागोपाठ झाली की. मधी इकडचं एक मानूस पायजे."

मीच लावलेली रांग, मीच शिकवलेली शिस्त, आणि त्या अडाणी माणसानं पाटी तपासावी तशी माझी चूक बोटानं दाखवली.

पाळक माझ्या मदतीला धावले. "अहो, धूर होता, पळापळ होती. एखादं माणूस मधेच निघून गेलं असेल. त्याचं एवढं काय? बाईंनी दहा नावं सांगितली, हेच खूप झालं."

केवढी सोपी पळवाट होती! नुसती मान डोलावायची होती. मी दाराकडे पाहिलं. रुकय्याबी खांबाची टेकण सोडून ताठ बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती मोजत होती.

"मारुती, खालची चार नावं पूस," मी म्हणाले. "सातवी जागा राहिली."

त्यानं पुसली.

"पाळकसाहेब बरोबर बोलले. एक माणूस मधेच निघून गेलं. सातव्या जागेवर मी होते." मी हजेरीच्याच आवाजात बोलत राहिले, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते सांगता आलं नसतं. "सात नंबर. दीना शांतवन उजागरे. गैरहजर."

"बाई..." पाळक उठायला लागले.

"बसा. माझं संपलेलं नाही. बादलीची कडी मनगटावर आपटली आणि माझ्या बांगड्या फुटल्या. एक काच रुतली, थोडं रक्त आलं. हमीदा रिकाम्या बादल्या विहिरीकडे परत नेत होती. तिनं ते पाहिलं, बादल्या खाली ठेवल्या, माझा हात ओढला आणि बांगड्या भरताना धरते तसा गुडघ्यावर घेतला. घड्याळाचा पट्टा मधे येत होता, तो तिनं सोडला. 'पान्यानं बिघडंल, मी ठिवते,' म्हणाली आणि घड्याळ पदरात बांधलं. काच काढली. मग म्हणाली, 'बाई, जावा, हात धुऊन या. तवर मी हुबी ऱ्हाते.' आणि माझ्या जागेवर उभी राहिली."

मी वऱ्हांड्याकडे बोट केलं.

"जखम नखाएवढी होती. मला परत जाता आलं असतं. मी इथे आले, याच वऱ्हांड्यात. माठातलं पाणी प्यायले. दोन पेले. हात दुखत होते, म्हणून बसले. बरं वाटत होतं. मी बसलेली असतानाच भिंत पडली."

हे शेवटचं मी कुणाला, देवालासुद्धा, सांगितलं नव्हतं. बरं वाटत होतं, हेच माझं खरं दुखणं होतं.

"हवालदारानं घड्याळ आणून दिलं, तेव्हा मी एका शब्दानं सांगू शकत होते. तो एक शब्द तेव्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तो दहा शब्दांएवढा जड झाला. मग पाळकसाहेबांनी माझ्या वाचण्यावर उपदेश केला, मंडळीनं टाळ्या वाजवल्या, आणि मग तर काय. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि मी वर्षभर ती फाशी मनगटावर बांधून हिंडले."

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. त्याची टिकटिक मागच्या बाकापर्यंत ऐकू येत होती.

पाळक लोंढ्यांचा चेहरा उतरला होता. माणूस वाईट नव्हता. "मी वेदीवरून सांगितलं," ते पुटपुटले. "देवानं आपल्या लेकीला हात देऊन बाहेर काढलं म्हणून."

"काढलंच की. तो हात हमीदाचा होता, एवढंच तुम्हाला माहीत नव्हतं."

त्यांच्यामागचे एक पंच म्हणाले, "पण म्हणजे आता त्यांचे सहा होणार आणि आपले पाच?" पाळकांनी मागे वळून त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की तो गृहस्थ पुढे बैठक संपेपर्यंत बोलला नाही. त्या एका नजरेसाठी मी पाळकांना बाकी सगळं माफ केलं.

कासमभाई उठले. फळ्याजवळ आले. हुसेन तांबोळीच्या खालच्या मोकळ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"मीच म्हणालो होतो घरी," ते म्हणाले. "चोरनीचं नाव माझ्या भावाजवळ नको म्हणून. मोहल्ल्यात तिच्या मयतीला चार मानसं जमेनात, तेव्हा मीही घरातच बसलो." मग ते दाराकडे वळून म्हणाले, "रुकय्याबी, अंदर आव."

ती आली नाही. दारातूनच तिनं मारुतीला सांगितलं, "लिव्ह की रं. हमीदा इस्माईल मणियार."

मारुतीनं लिहिलं. मग लतीफ, इम्मानुएल, गुलाब, मनोहर पुन्हा लिहिले. अकरा नावं. "आता बसलं बघा," तो म्हणाला, जसं काही आखणीचाच प्रश्न होता.

लोक पांगल्यावर मी घड्याळ घेऊन रुकय्याबीच्या मागे गेले. फाटकाशी तिला गाठलं.

"हे तुम्ही घ्या," मी म्हणाले. दुसरं काय म्हणावं ते मला सुचलं नव्हतं.

तिनं घड्याळाकडे पाहिलंही नाही. "त्ये आमच्या घरात आणू नका, बाई. एकदा आमच्या पदरात व्हतं, तेवढं बास झालं."

"मग मी काय करू? तुम्ही म्हणाल ते करते."

"काय करनार? माझी सून आनून देताल?" ती प्रथमच चिडली. मग पदर सावरून म्हणाली, "आठ दिसाखाली इचारलं तवाच सांगितलं आसतं, तर तुमच्या पाया पडले आसते. आता मारुतीनं इचारलं म्हनून सांगितलंत."

ते खरं होतं. माझ्या धिटाईचं पुढे गावात पुष्कळ कौतुक झालं, पण त्या दुपारी मी किती धीट होते हे रुकय्याबीला आणि मला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिलात, आगीला वर्ष झालं त्या दिवशी, दगड बसवला. सकाळची वेळ. दोन्हीकडची झाडून सगळी माणसं चौकात. ओढ्यापलीकडून बोरुडे हार घेऊन आलेले. पाळकांनी प्रार्थना केली, मौलवीसाहेबांनी फातेहा पढला. मारुतीनं आणि त्याच्या भावांनी दगड खड्ड्यात उभा केला, आणि तेवढ्यात एक गंमत झाली. शमुवेल भालेरावची म्हातारी आई पुढे आली, वाकली आणि तिनं खड्ड्यात तीन मुठी माती लोटली. तिच्यामागून कासमभाईंनी तीन मुठी लोटल्या. मग ज्यानं त्यानं. माती द्यायची रीत आमच्याकडेही तीच आणि त्यांच्याकडेही तीच, आणि गेल्या वर्षी या माणसांना धड माती द्यायला कुणाचं चित्त थाऱ्यावर होतं? मारुती ओरडतोय, "आवो, चुना-वाळू पडू द्या की आधी! दगड बसवताय का पुरताय?" पण कुणी ऐकेना. माणसं रडत होती आणि मुठी भरत होती. शेवटी त्या पाथरवटानं कपाळाला हात लावला आणि सगळ्यांची माती देऊन होईपर्यंत उकिडवा बसून राहिला. नंतर अर्धा खड्डा उपसून त्याला चुना भरावा लागला.

दगड पक्का झाला. काळा, माणसाच्या उंचीचा, वर ना क्रूस ना चांद, नुसती अकरा नावं. बोरुड्यांनी हार घातला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हीच वाचा. रांग तुमची."

मी वाचायला उभी राहिले. "शमुवेल भालेराव," मी म्हणाले. आणि आवाज हजेरीचाच लागला असणार, कारण गर्दीतून त्याची म्हातारी आई म्हणाली, "हजर." तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची नातवंडं माझ्या शाळेत होती, त्यांचं ऐकून ती बोलली असेल.

"बाबूलाल पिंजारी."

थोडी चुळबूळ झाली, मग एका पोरसवदा बाईचा आवाज आला. "हजर."

यहोशवाचा बाप. चाँदबीचा नवरा. रूथबाईची बहीण. हुसेनची मुलं, तिघंही एकदम. प्रत्येक नावाला त्याचं त्याचं माणूस उत्तर देत होतं. मी सातव्या नावाशी आले.

"हमीदा मणियार."

कुणी बोललं नाही. रुकय्याबी पुढेच उभी होती, दगडापासून दोन हातांवर, ओठ घट्ट मिटून. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हणाले, "हमीदा इस्माईल मणियार."

"मला काय बघताय, बाई?" रुकय्याबी म्हणाली. सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमच्या जागंवर ती हुबी ऱ्हायली. आता तिच्या जागंवर तुमी ऱ्हावा."

मला रडू आलं. आतापर्यंत आलं नव्हतं, ते आलं. ते गिळून मी दगडाकडे तोंड केलं.

"हजर," मी म्हणाले.

रुकय्याबीनं मान डोलावली. "हां. आता फुडचं घ्या."

तेव्हापासून दर एप्रिलात त्या चौकात हजेरी होते. त्या दोन्ही वस्त्यांत नंतर कधी भांडणं झाली नाहीत असं नाही, झाली. एकदा तर दगडफेकही झाली. पण त्या सकाळी दोन्हीकडची माणसं येतात, कारण आपलं माणूस गैरहजर लागलेलं कुणाला चालत नाही. रुकय्याबी जाऊन तीस वर्षं झाली. मला आता उभं राहवत नाही, यादी शाळेतली नवी बाई वाचते. मी दगडाशेजारी खुर्चीवर बसते आणि सातव्या नावाची वाट बघते. ते आलं की खुर्चीचे हात धरून उठते.